दर गणपतीत पहाटे ‘टीं’ करणारा धुराचा अलार्म: बॅटरी बदलूनही आवाज का थांबत नाही

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. छताला बसवलेला, घरच्या लाईटवर चालणारा धुराचा अलार्म. धूर नाही, जाळ नाही, तरी दर पाऊण मिनिटाने एकच बारीक ‘टीं’. दिवसा माणसांच्या गलक्यात कुणाच्या लक्षात येत नाही, पहाटे तीन-साडेतीनला मात्र सगळं घर उठून बसतं. नवी बॅटरी घातली की दोन दिवस गप्प, मग पुन्हा सुरू. आमच्याकडे हे 2022 च्या गणपतीत झालं, 2023 ला झालं. 2024 ला तिसऱ्यांदा झालं तेव्हा विसर्जन उरकल्यावर मी शिडी लावून पाचही अलार्म खाली उतरवले आणि ओटीवर वर्तमानपत्र पसरून बसलो.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. पुढचा भाग जुना, कौलारू, चिऱ्याच्या भिंतींचा. मागे 2012 मध्ये स्लॅबच्या तीन खोल्या काढल्या. दादा तेव्हा इंग्लंडमध्ये होता. तिकडे हे अलार्म घराघरात असतात म्हणून त्याने पाच आणले, चार धुराचे आणि स्वयंपाकघरासाठी एक उष्णतेवर वाजणारा. तिकडचं व्होल्टेज आपल्यासारखंच 230, त्यामुळे सरळ जोडता आले. (तुमचं कुणी अमेरिकेतून आणणार असेल तर तिथेच थांबवा. तिकडचे 120 व्होल्टचे असतात, आपल्या लाईटवर एका क्षणात जातील.) जुन्या भागात काका-काकू बारमाही राहतात. मागच्या खोल्या शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यापुरत्या उघडतात. हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवा, अर्धं उत्तर त्यात आहे.

कोणता वाजतोय?

हे वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या वर्षी काकूचं निदान तयार होतं: “असू दे रे, पाल चुकचुकत्येय.” आणि तिने झोपेतच जमिनीवर बोटांनी टकटक केलं. काकांना काही ऐकूच आलं नव्हतं. त्या रात्री आम्ही त्यावर हसलो.

या अलार्मचा आवाज साधारण तीन किलोहर्ट्झचा असतो. त्या पट्टीतला, तोही क्षणभराचा आवाज कुठून आला हे कानाला नीट कळत नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून माना वळवत बसू नका. प्रत्येक अलार्मच्या बरोबर खाली घड्याळ लावून पूर्ण दीड मिनिट थांबा. ज्याच्या खाली कानात सुई टोचल्यासारखं होईल तो. घरात पोरं असतील तर एकेका अलार्मखाली एकेक उभं करा, एका फेरीत काम होतं.

आवाजाबरोबर लाल दिवा चमकतो का, तेही तेव्हाच बघून घ्या. आमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की ‘टीं’ आणि लाल दिवा एकत्र असले तर बॅटरी उतरली, आणि दिवा न चमकता नुसता ‘टीं’ असला तर आतली धूर पकडणारी कुपी खराब झाली. कंपनीगणिक हे बदलतं, पण आवाजाची ही दोन कारणं वेगवेगळी असतात एवढं नक्की. आम्ही दोन वर्षं दिव्याकडे पाहिलंच नाही. आवाज झाला की बॅटरी, एवढंच आमचं वैद्यक.

सगळे अलार्म एकदम ठणाणा करत असतील तर तो वेगळा प्रकार. ते एकमेकांना तारेने जोडलेले असतात. एकाने धूर पकडला की सगळे वाजतात. ज्याने सुरुवात केली त्याचा लाल दिवा बहुतेक मॉडेलमध्ये भराभर लुकलुकतो. गप्प करायचं बटण कुठेही दाबण्याआधी तो शोधा, नाहीतर पुरावा पुसला जातो.

मागची तारीख

अलार्म फिरवून खाली काढला की पाठीवर तारीख छापलेली सापडते. आमच्या पाचांवर 2011 होतं आणि शेजारी 2021 पर्यंत बदलावा अशी सूचना. म्हणजे ज्या वर्षी पहिल्यांदा कुरबुर सुरू झाली तेव्हाच त्यांची मुदत संपून वर्ष झालं होतं. हे आयुष्य बनवल्या दिवसापासून मोजतात. दादाच्या बॅगेत गेलेले महिनेसुद्धा त्यात धरायचे.

दहाच वर्षं का, हे मला आधी कंपन्यांचं विकायचं निमित्त वाटत होतं. एक उघडून पाहिल्यावर मत बदललं. आमच्यातले तीन प्रकाशावर चालणारे होते. आत एक काळी कुपी असते, तिच्यात एका बाजूने अवरक्त किरणांचा झोत सोडलेला असतो आणि तो ग्रहण करणारा डोळा मुद्दाम वाकड्या कोनात बसवलेला असतो. एरवी डोळ्याला काही दिसत नाही. धूर शिरला की कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो, आणि भोंगा वाजतो. आता यात धूर आणि धूळ यांतला फरक त्या डोळ्याला कळणार कसा? दहा-बारा वर्षांची धूळ, कोळ्याची जाळी, उदबत्तीचा तेलकट थर हे सगळं त्याला थोडा थोडा धूरच वाटतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक भाग खाऱ्या हवेत म्हातारे होतात ते वेगळं. कधी तो उगाच ओरडतो, तर कधी खरा धूर येऊनही गप्प बसतो. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण तिचा आवाज येत नाही.

पॅसेजमधला चौथा आयनीभवनाचा, म्हणजे किंचित किरणोत्साराच्या मदतीने धूर ओळखणारा निघाला. त्याच्या पाठीवर किरणोत्साराचं चिन्ह आणि अमेरिशियम-241 असं लिहिलेलं होतं. या मूलद्रव्याचं अर्धायुष्य सुमारे 432 वर्षांचं. “मग तो कशाला टाकतोस?” हा काकांचा प्रश्न रास्त होता. अमेरिशियम टिकतं हो, पण त्याच्या भोवतीचं विजेचं मंडळ (सर्किट) आणि कुपी टिकत नाही.

पाठीवर दहा वर्षं उलटून गेलेली दिसली तर पुढची डागडुजी वाचायची गरज नाही, सरळ बदलण्याच्या भागाकडे जा. अलार्म अजून मुदतीत असूनही त्रास देत असेल तर मात्र किनाऱ्यावरच्या घरात कारणं वेगळी असतात.

आमच्याकडची कारणं

पहिलं आणि सगळ्यात मोठं: मेन स्विच. आम्ही मुंबईला निघालो की काका मागच्या खोल्यांचा मेन पाडतात. बिलासाठी पाडतात असं मी इतकी वर्षं समजत होतो. विचारलं तर म्हणाले, “मे अखेरीला गडगडाट सुरू झाला की कुठे काय जळेल सांगता येत नाही. बंद खोलीत आग लागली तर मी काय करू?” म्हणणं चुकीचं नाही. पण लाईटवरच्या अलार्ममधली बॅटरी असते ती लाईट गेली तर तेवढ्यापुरतं भागवायला. आठ-नऊ महिने मेन बंद म्हणजे तेवढे दिवस सगळा भार तिच्यावर. आम्ही गणपतीला येतो तोपर्यंत ती मेलेली तरी असते किंवा मरायला टेकलेली. मग पहिल्या दोन रात्री टीं टीं. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, आमच्याकडची लाईट गेली ती कित्येक आठवडे आली नाही. तेव्हा तर जुन्या भागातली माणसंही अंधारात होती, बंद खोल्यांतल्या अलार्मची कोण चौकशी करतो.

पहाटेच का वाजतं, याचं कारण साधं आहे. अलार्म दर मिनिटाच्या आसपास बॅटरीवर जरा भार टाकून ती तपासतो. गारव्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि व्होल्टेज थोडं खाली येतं. काठावरची बॅटरी दिवसा पास होते, पहाटे नापास.

नवी बॅटरीही फसवते. नाक्यावरच्या दुकानात मिळणारी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी किती महिने बरणीशेजारी पडून आहे ते बघा, तिच्यावर तारीख असते. साधी नको, अल्कलाइन घ्या. मल्टीमीटरवर नवी अल्कलाइन साडेनऊच्या आसपास दाखवते. साडेआठ दाखवत असेल तर दुकानदाराला परत द्या. चार्ज होणारी घालू नका, तिचं व्होल्टेज मुळातच कमी असतं आणि अलार्म पहिल्या आठवड्यातच कुरकुरायला लागतो. आमच्या दोन अलार्ममध्ये जुनी बॅटरी फुटून पांढरा चुरा आला होता आणि पितळी पट्ट्यांना कळंक चढला होता, अगदी चिंचेशिवाय ठेवलेल्या समईसारखा. पट्टीच कळकलेली असेल तर बॅटरी कितीही नवी असली तरी व्होल्टेज पोचत नाही. पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या, तर एकाचा आवाज तिथेच थांबला.

बॅटरी काढल्यावरही एकदोनदा ‘टीं’ होतं आणि माणूस घाबरतो. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज असते ती. लाईट आणि बॅटरी दोन्ही काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग नवी बॅटरी घाला.

दुसरं कारण पाहून मी थक्क झालो. मागच्या बेडरूमचा अलार्म काढला तर वायरच्या पाइपाच्या तोंडाशी कुंभारणीने मातीचं घर केलेलं. पाइप वर गच्चीवरच्या डब्यापर्यंत उघडा. त्यातून मुंग्याही येत होत्या आणि पावसाळ्यात दमट हवाही थेट अलार्मच्या पाठीत शिरत होती. बऱ्याच अलार्मच्या पत्रकात आर्द्रतेची मर्यादा 93-95 टक्क्यांची असते आणि तीही थेंब न धरता. आषाढ-श्रावणात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे त्या कुपीची काय कथा. श्रावणात एकदा काहीही कारण नसताना सगळे अलार्म वाजल्याचं काकू सांगत होती, ते बहुधा हेच. पाइपाचं तोंड पुट्टीने बुजवा. अलार्मच्या तोंडावरून मऊ ब्रश फिरवा किंवा व्हॅक्यूम लावा. आत कीटकनाशक मात्र फवारू नका.

रंगकाम हे तिसरं. गणपतीआधी घराला हात मारायचा रिवाज आपल्याकडे आहेच, आणि रंगारी छत घासताना अलार्म झाकत नाही. आमच्या एकाच्या फटी चक्क ऑइलबाउंडने बंद होत्या. टेस्टचं बटण दाबलं तर भोंगा मस्त वाजायचा. पण ते बटण भोंगा आणि मंडळ तपासतं. बाहेरचा धूर त्या फटींतून आत शिरेल की नाही, हे ते सांगत नाही.

चौथं, इन्व्हर्टर. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत वीज, देत नाहीत, आणि तशा विजेवर लाईटवरचे अलार्म चालवू नयेत असं बऱ्याच पत्रकांत स्पष्ट लिहिलेलं असतं. लाईट गेल्या गेल्या अलार्म किरकिरत असेल तर आधी त्याला इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढा.

आणि खरा धूर असेल तर अलार्मला दोष देऊ नका. आमच्या परसदारी तांब्याचा बंब आहे, त्यात सोडणं आणि झावळ्या जळतात. वारा फिरला की तो धूर पॅसेजमध्ये शिरतो. सुका बांगडा भाजला, मिरच्या परतल्या, आरतीला कापूर जरा जास्त झाला, तरी तेच. आयनीभवनाचा अलार्म अशा बारीक कणांना जास्तच हळवा असतो. धुराचा अलार्म चूल, बंब, न्हाणीघर यांपासून निदान दहा फूट लांब हवा. स्वयंपाकघरात धुराचा लावूच नका, उष्णतेचा लावा. तो साधारण 58 अंशांना वाजतो, फोडणीला भीक घालत नाही.

बदलताना

बाजारात गेलात तर पहिला धोका हा आहे. ‘स्मोक डिटेक्टर’ म्हणून स्वस्तात जे मिळतात ते बहुतेक हॉटेल-ऑफिसांच्या पॅनेलवर चालणारे असतात, 24 व्होल्टचे, दोन तारांचे. त्यांना स्वतःचा भोंगा नसतो. घरी एकटा लावला तर तो छतावरची शोभा, आणि 230 वर जोडला तर तेवढीही नाही. वेष्टनावर स्वतः वाजणारा आहे ना, 230 व्होल्टचा की बॅटरीचा, आणि युरोपीय ईएन 14604 सारख्या मानकाचा उल्लेख आहे का, हे वाचून घ्या.

दुसरं, तारेने जोडलेल्यांपैकी एकच बदलू नका. वेगवेगळ्या कंपन्यांचे संकेत जुळतीलच असं नाही, आणि प्लगही वेगळा असतो. एकाचं वय झालं म्हणजे बाकीच्यांचंही झालं, ते एकाच खोक्यातून आलेले असतात.

मी स्वतः लाईटवरचे पुन्हा घेतले नाहीत. मानक पद्धत तीच, हे मान्य. पण ती बारा महिने लाईट चालू असलेल्या घरासाठी. तुमचं होमस्टे असेल, माणसं कायम राहत असतील, तर लाईटवरचेच घ्या, त्यांना स्वतंत्र एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) द्या आणि तिच्यावर ‘पाडू नये’ अशी चिठ्ठी लावा. आमच्याकडे मेन पडणारच. म्हणून दहा वर्षं टिकणाऱ्या सीलबंद लिथियम बॅटरीचे, एकमेकांशी रेडिओने बोलणारे घेतले. त्यात बॅटरी बदलायची भानगडच नाही; ती संपली की अख्खा अलार्म टाकायचा. यातही एक अडचण आली. जुन्या आणि नव्या भागामधली दीड फुटी चिऱ्याची भिंत रेडिओला आवडली नाही. मागचा अलार्म वाजला तरी ओटीवरचा गप्प. दाराच्या चौकटीवर, दोन्हींच्या मध्ये, एक जास्तीचा लावला तेव्हा निरोप पोचायला लागला. दुकानात लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. तुमच्या भिंतींमध्ये स्वतः वाजवून बघा.

जुने काढायला वायरमनला बोलवा. स्वतः हात घालणार असाल तरी एवढं कराच: एमसीबी पाडा, इन्व्हर्टर वेगळा बंद करा (मेन पाडला तरी इन्व्हर्टरची लाईन जिवंत असते, आणि लोक इथेच शॉक खातात), टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो धड आहे ना पाहा, मग अलार्मच्या तारांना लावा. तिथे तीन तारा दिसतील. फेज, न्यूट्रल आणि तिसरी अलार्म एकमेकांना जोडणारी. ही तिसरी कमी दाबाची समजून हाताळू नका, तिलाही लाईटच्या तारेचाच मान द्या. आमच्या पॅसेजमध्ये वादळानंतर नवं वायरिंग झालं, तेव्हा ही तार अर्थिंगची असेल असं समजून कुणीतरी टेप गुंडाळून मागे सारली होती. म्हणजे 2020 पासून आमचे ‘जोडलेले’ अलार्म जोडलेले नव्हतेच, आणि हे आम्हाला चार वर्षांनी कळलं. लाईटवरचेच ठेवणार असाल तर बसवून झाल्यावर एकेकाचं बटण दाबा आणि प्रत्येक वेळी बाकीचे सगळे वाजतात का ते ऐका. काढून टाकणार असाल तर तारांची टोकं कनेक्टरमध्ये बंद करून डब्यावर झाकण लावा. नुसत्या टेपवर विसंबू नका, दमट हवेत तिचा डिंक दोन पावसाळ्यांत सुटतो.

नवे छतावर बसवताना भिंतीपासून निदान फूटभर लांब ठेवा, कारण कोपऱ्यात हवा साचते आणि धूर तिथे उशिरा पोचतो. पंख्याच्या झोतातही नको.

जुन्यांचं काय? आमच्याकडे नको ते सगळं वाडीतल्या पातेऱ्याबरोबर जळतं. हे जाळायचे नाहीत. प्रकाशवाले ई-कचऱ्यात द्या. किरणोत्साराचं चिन्ह असलेला न फोडता, न उघडता उत्पादकाकडे किंवा त्याच्या विक्रेत्याकडे परत गेला पाहिजे. आमचा एका डब्यात चिठ्ठी लावून ठेवलाय, दादा येईल तेव्हा घेऊन जाईल. तोवर काकू त्या डब्याजवळून जाताना पदर सावरते.

राहिली काकांची गोष्ट. सगळं बसवून झाल्यावर दुपारी जेवणानंतर ते झोपाळ्यावर पडले होते आणि मी मुद्दाम त्यांच्या खोलीतला अलार्म वाजवला. शेजारच्या घरातून माणसं डोकावली, वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. काकांनी कूससुद्धा बदलली नाही. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू यायचे थांबतात, आणि हे सगळे भोंगे नेमके त्याच पट्टीत ओरडतात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी 520 हर्ट्झचे, खालच्या पट्टीतले अलार्म असतात, आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते. आमच्या सेटला जोडता येईल अशी चकती दादाला शोधायला सांगितली आहे. तोवर काकूने काकांचा पलंग स्वतःच्या हाताच्या अंतरावर ओढून घेतलाय.